दुकान जेवायला आलं तो रविवार

केतकी मगदूम ज्या जर्मन गावात राहायला गेली, तिथली दुकानं रविवारी बंद असायची, आणि बंद असल्यामुळे लोकांकडे जेवायला जायची.

आठवडाभर उभं राहून दुकानं आंबून जात. कुणी कुणाकडे जायचं ते नगरपालिका ठरवायची आणि घरच्यांना आधी कळवायची. केतकीलाही कळवलं होतं. पण लहानग्या जुईच्या तापाच्या धांदलीत ती ते साफ विसरली. नवरा कामासाठी परगावी. म्हणून रविवारी बेल वाजली आणि दारात कोपऱ्यावरचं किराणा दुकान उभं दिसलं, तेव्हा ती क्षणभर गोंधळली.

मग तिला हायसं वाटलं. कारण नुकतंच घरातलं शेवटचं दूध नासलं होतं. ताप उतरला तरी जुईच्या पोटात दुधाशिवाय काही ठरत नव्हतं, आणि गावातली बाकीची दुकानंही कुणाकुणाकडे पानावर बसलेली होती.

"या की, बसा," ती म्हणाली.

दुकान तिरकं होऊन दारातून आत आलं आणि सोफ्यावर अंग चोरून बसलं. शटर स्वच्छ पुसलेलं होतं.

केतकी इचलकरंजीची. तिकडे दुकान बंद असलं म्हणजे शटर वाजवायचं; दुकानदार हुपरे अण्णा तोंडातला घास सांभाळत खालून साखरेची पुडी सरकवायचे. त्या सवयीनं तिनं पाहुण्याचं शटर वाजवलं.

"तेवढं दूध द्या की."

दुकान संकोचलं. "आज रविवार आहे, बाई. आज मला विक्री करता येत नाही. कुणाच्या सोफ्यावर बसूनही नाही."

"पण आत दूध आहे नव्हं?"

"भरपूर आहे. म्हणून तर जास्त वाईट वाटतं."

आतल्या खोलीत जुई रडायला लागली. केतकीचे डोळे भरून आले, पण पाहुण्याशी वाद कसला घालायचा? तिनं पिठलं-भात वाढला. जेवण्यापुरतं शटर उचलायला परवानगी होती. ते चार बोटं वर गेलं, तशी आतून गार हवा आली. जुई रडता रडता बाहेर येऊन त्या हवेत बसली.

दोन घास झाल्यावर दुकान म्हणालं, "मी तुमच्या लोकांकडे पहिल्यांदाच आलो. रीत माहीत नाही. काही चुकलं का?"

"चुकलं काही नाही. घरात लहान पोर असलं, तर आमच्यात पाहुणे त्याच्या हातावर खाऊ ठेवतात. एवढंच."

"विकत?"

"विकत कसा? खाऊ तो."

दुकानाच्या आतला फ्रिज जरा जोरात घुमला. "खाऊविषयी नियमात काही नाही," ते शेवटी म्हणालं, आणि शटरखालून दुधाच्या दोन बाटल्या घरंगळत जुईच्या पायाशी आल्या. मागून बिस्किटांचा पुडा.

जुई पेलाभर दूध प्यायली आणि तिथेच झोपली. केतकीनं पैशांचं नाव काढलं नाही. तो पाहुण्याचा अपमान झाला असता. या देशात आल्यापासून तिच्या पोरीच्या हातावर कुणी काही ठेवलं नव्हतं. त्या दुकानाविषयी तिला एवढी माया दाटून आली, की नको नको म्हणत असतानाही तिनं आणखी पिठलं वाढलं.

"जातो," दुकान उठत म्हणालं.

"जातो म्हणू नये. येतो म्हणावं."

"पण मी जातोच आहे."

"तरी पण."

दुकानानं ते ऐकून ठेवलं आणि तिरकं होऊन जिना उतरलं.

सोमवारी ते उशिरा उघडलं. पिठल्यानं सुस्ती आली होती. गिऱ्हाईकं मुकाट थांबली. शनिवारी संध्याकाळी केतकी तिकडून जात होती, तेव्हा शटर खाली येत होतं. दारावर वर्षानुवर्षं 'बंद' अशी पाटी लागायची. आज तिथं 'येतो' असं लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याची पाळी भलत्याच कुणाकडे होती. तरी घरी आल्यावर केतकीनं डाळ जरा जास्तच भिजत घातली.