मागल्या खोलीच्या कोब्याची मोहीम

पुढील पिढ्यांनी मऊ गालिच्यावर लोळताना त्याखालील कोब्यास विसरू नये, याकरिता ही हकिगत जैसी घडली तैसी लिहिली आहे. पदरचे घातले ते थोडेच.

मागल्या खोलीत ठकूबाईसाहेबांचा अंमल. उमर वर्षाहून अंमळ अधिक, दात मोजके, दरारा मोठा, आणि चालण्याचे नाव नाही. एकदा भिंत सोडून उभ्या राहिल्या, तो दाराजवळील खड्ड्यात पाय जाऊन आपटल्या, आणि मग खिडकीच्या कोपऱ्यात जे ठाणे दिले ते हलविलेच नाही. तेथून चेंडू फेकावा, आणि चेंडूने आपण होऊन हुजुरात परत रुजू व्हावे, ऐसा रिवाज पडला. मातोश्रींस घोर लागला. शेजारची पोरे धावतात आणि आपली बसून हुकूम सोडते, म्हणोन त्यांनी फर्मान काढिले की जुना गालिचा उखडावा, खड्डा बुजवावा आणि वर नवा जाड गालिचा घालावा, म्हणजे लेक निर्धास्त उभी राहील. सासूबाईंनी मसलत दिली, "अगं, चालेल ती. तिचा बापही उशिराच चालला. अजून दुकानात जा म्हटलं की बसतोच." परंतु मोहीम मुक्रर जाहली.

पहिली स्वारी पतिराजांची. त्यांनी गालिचा उखडिला, आणि झाडण्यात वेळ न दवडता धुळीवरच सिमेंट थापिले, आणि मिशी नसता मिशीवर ताव दिला. दुसरे दिवशी मातोश्रींनी नखाने टोकरताच अवघी खपली हाती आली. "वरून तर छान दिसत होतं," इतकेच पतिराज बोलिले. मग त्यांस बादल्या वाहण्याच्या कामी तैनात केले.

मग गवंडीकाकांस पाचारण जाहले. त्यांनी सैल तुकडे ठोकून काढिले आणि झाडले आणि पाणी मारिले, आणि खड्डा भरोन थापीने ऐसा साफ केला की तो कोठे होता हे सांगावे लागे, आणि काम फत्ते म्हणोन हात धुवू लागले. मातोश्रींनी ठकूबाईंचा चेंडू खोलीच्या मध्यास ठेविला. चेंडू डुलत डुलत खिडकीच्या कोपऱ्यात गेला.

"वहिनी, बॉल आहे तो. गोल असतो, जाणारच."

"मग दर वेळी तिकडेच का जातो, काका? दाराकडे का नाही येत?"

काकांनी स्वहस्ते चेंडू सोडिला, तोच जबाब. मग मुकाट्याने पिशवीतून पाणसळ काढून जमिनीवर ठेविली, तो आतला बुडबुडाही मातोश्रींच्या पक्षास मिळालेला. "चहा टाका, वहिनी," ऐशा शब्दांत काका शरण आले, आणि खिडकीकडील सखल मुलूख सिमेंट-वाळूच्या मालाने उचलोन, लांब पट्टी ओढोन, दाराच्या पातळीस आणिला. कोबा सुकेतो ठकूबाईसाहेब स्वयंपाकघरात नजरकैदेत राहिल्या, आणि तेथील भांड्यांनी ते भोगिले.

कोबा सुकला. पतिराज नवा गालिचा खांद्यावर घेऊन दारी आले, तो मातोश्रींनी हात आडवा केला, की आधी परीक्षा. ठकूबाईंस जुन्या ठाण्यावर बसविले. त्यांनी चेंडू फेकिला. चेंडू बुजविल्या खड्ड्यावर जाऊन थांबला, आणि थांबलाच. बाईसाहेबांनी रिवाजाप्रमाणे वाट पाहिली. मग हात पसरिला, मग दरडावून पाहिले, परंतु इतक्या दिवसांचा चाकर जागचा हलेना. मातोश्री चेंडू देण्यास वाकल्या, तो सासूबाईंनी मनगट धरिले. "थांब. बघू तर दे."

मग ठकूबाईसाहेब अत्यंत नाराजीने भिंतीस धरोन उठल्या, आणि भिंत सोडिली, आणि एक पाऊल टाकिले, आणि अवघी खोली ओलांडून उघड्या कोब्यावरून चेंडूपावेतो गेल्या, आणि त्यास लाथ मारिली. पडू नये म्हणोन आणिलेला जाड गालिचा पतिराजांच्या खांद्यावरच होता. खाली ठेवण्याचे त्यांस भान नव्हते.

येणेप्रमाणे खोली सर जाहली. पतिराज म्हणती हा सिमेंटाचा प्रताप, काका म्हणती पट्टीचा, सासूबाई म्हणती वयाचा. मातोश्री पदराने डोळे पुशीत, डोळ्यांत धूळ गेली म्हणाल्या. कोबा मात्र त्यांनीच सकाळी दोनदा पुसला होता, इतके नमूद करोन ही फत्ते दप्तरी दाखल केली असे.