मागचा डावा

ओगले काकांच्या घरात कुठलीही वस्तू चिठ्ठी लागल्याशिवाय कामाला लागत नाही. बोटभर रुंद पांढरी चिठ्ठी, तिच्यावर निळ्या शाईत 'तपासले', खाली तारीख आणि सही. गॅसच्या नळीवर ती आहे, इस्त्रीच्या वायरीवर आहे, गच्चीतल्या कपडे वाळत घालायच्या दोरीवरही आहे. मी त्यांच्याकडे भाड्याने राहायला आले त्या दिवशी काकांनी माझ्या खोलीतला पंखा पाचही वेगांवर फिरवून पाहिला, खाट हलवून पाहिली, दोन्हींना चिठ्ठ्या लावल्या आणि मग माझ्याकडे पाहिलं. मला खरंच वाटलं, आता माझ्या कपाळावर.

"काय शिकता?"

"इलेक्ट्रॉनिक्स. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष."

"सोल्डरिंग येतं?"

"प्रॅक्टिकलला केलंय... एकदा."

"म्हणजे येत नाही. हरकत नाही, खरं बोललात."

चिठ्ठी मात्र लावली नाही.

मी मेहकरजवळच्या एका गावातली. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे पुण्यात कुणी काही विचारलं की माझ्या तोंडून आधी "हो" निघतं आणि मग घाम. काकांपुढे ते चालत नाही. त्यांची सगळी नोकरी मीटरच्या कारखान्यात, तपासणी विभागात गेली. समोर आलेला मीटर पास की नापास, एवढंच आयुष्यभर ठरवलेला माणूस. निवृत्त झाल्यावर मीटर संपले, म्हणून विश्रांतवाडीतलं घर तपासायला घेतलं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे: "कापायला अक्कल लागत नाही." भाजीवाल्याने कोथिंबिरीचे देठ मोडले की हे वाक्य. गल्लीतल्या झाडाची फांदी छाटली की हे वाक्य. बोलताना फोन कट झाला तरी हेच, आणि तेही बंद फोनला.

काकू अगदी उलट. हसऱ्या, मऊ बोलणाऱ्या. दोन वर्षांपूर्वीच्या तापात त्यांचा उजवा कान गेला. डाव्याने ऐकू येतं. म्हणून त्यांच्याशी बोलायचं तर वळसा घालून डावीकडे जायचं, हे मी पहिल्याच दिवशी शिकले. काकांना वळसा मान्य नाही. ते आहेत तिथूनच ओरडतात. पहिल्या आठवड्यात मला वाटायचं, या घरात रोज भांडण होतं. एकदा तर मी दार लावून बसले होते आणि नीट ऐकलं तेव्हा कळलं, काका कडाडत होते, "लिंबू संपलंय का!"

काकांची गाडी पांढरी, छोटी, सोळा वर्षांची. तिच्यातून दोघे दर रविवारी खडकवासल्याला जायचे. धरणाच्या भिंतीसमोर गाडी लावायची, एक कणीस दोघांत खायचं, परत यायचं. काका पुढे, काकू मागे डावीकडे. "पुढे बसले की ह्यांच्या ब्रेकवर माझा पाय असतो," काकू म्हणायच्या. "घरी येईतो पोटरीत गोळे."

पण मी आले तोवर हे रविवार थांबले होते. गाडी धुतली जायची, फिरायची नाही. कारण काकूंनीच मला मटार सोलताना सांगितलं.

"अगं, हे पुढून काहीतरी सांगतात, मला ऐकू येत नाही. मग हे मान वळवून बोलतात. एकदा असंच वळले आणि पुढे रिक्षा उभी! थोडक्यात वाचलो. मी म्हटलं, एक तर गाडीत बोलू नका, नाहीतर मी बसत नाही. तर हे बोलायचेच बंद झाले. जाताना तासभर, येताना तासभर. मला आपलं पार्सल नेल्यासारखं वाटायला लागलं. म्हटलं, त्यापेक्षा मी घरी बरी."

त्यानंतर काकूंनी पुन्हा गाडीत पाय ठेवला नव्हता. दवाखान्यातही रिक्षाने जायच्या. काका रिक्षाला हात करून द्यायचे आणि पायऱ्यांवर उभे राहायचे.

मग एका सकाळी पोह्यांच्या बशीवरून काकांनी जाहीर केलं, "गाडीचा टेप बदलणार!"

"बदला," काकू म्हणाल्या. "मी काही बसायची नाही."

"विचारलंय कुणी?" काका माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही रविवारी मोकळ्या आहात."

हा प्रश्न नव्हता.

मला वाटलं, कळलं. जुना कंपनीचा टेप कॅसेटवाला, तोही घरघरणारा. नवा बसवायचा, काकूंची आवडती गाणी लावायची आणि त्यांना पुन्हा गाडीत बसवायचं. मला हे फार आवडलं. मी "हो" म्हटलं. घाम नंतर आला.

दुकानदार चांगला माणूस होता. त्याने एकापाठोपाठ एक टेप काढून काउंटरवर मांडले. "काका, हा घ्या, टच स्क्रीन. ब्लूटूथ, पेन ड्राइव्ह, मागचा कॅमेरा, सगळं."

"आवाज फक्त मागच्या डाव्या स्पीकरला पाठवता येतो?"

"येतो की. पण बाकीचे तीन काय करणार?"

"गप्प बसतील. तुम्हालाही जमेल ते. याला माइक लागतो?"

"फोनवर बोलायला आतच माइक आहे."

"तो नको. बाहेरून पिन घालायचा, आपला आवाज स्पीकरमधून येणारा."

दुकानदार हसला. "कशाला? निवडणुकीला उभे राहताय?"

"लागतो का, हा माझा प्रश्न आहे. कशाला, हा तुमचा. आधी माझा घेऊ."

चार टेप नापास झाले. पाचवा सगळ्यात साधा, लाल दिव्यांचा, भडक. पण त्याच्या तोंडावर माइकची बारीकशी खाच होती. काकांनी तिच्यात नख घालून पाहिलं आणि मान हलवली.

"अर्ध्या तासात बसवून देतो," दुकानदार म्हणाला. "कंपनीचं सॉकेट कापायचं, तारा पिळायच्या, चिकटपट्टी मारायची, झालं."

मी डोळे मिटून घेतले.

"कापायला," काका म्हणाले, "अक्कल लागत नाही. त्या सॉकेटमध्ये बसणारा कपलर द्या. बसवू आम्ही. मॅडम इंजिनिअर आहेत."

मी दुसऱ्या वर्षाला आहे, हे दोघांनाही सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी गाडीच्या काचेवर पाटी लागली: 'काम चालू आहे. सल्ला देणाऱ्यांनी आधी स्वतःची गाडी उघडून दाखवावी.' त्यामुळे शेजारचे सगळे लांबूनच बघत होते, पण बघत होते.

पुढची प्लास्टिकची चौकट काढायला काकांनी काकूंचं उलथणं आणलं, त्याला जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली आणि फटीत असं सरकवलं, जणू तव्यावरची आंबोळी उलटायची आहे. एकही खटका तुटला नाही. आतून सोळा वर्षांची धूळ आणि एक गोटी निघाली. काकांनी दोन्ही पाहिल्या, धूळ फुंकली, गोटी खिशात टाकली. प्रत्येक तारेला कागदाची चिठ्ठी लावली: पुढचा उजवा, पुढचा डावा, मागचा उजवा, मागचा डावा.

"माझं उलथणं कुठंय?" घरातून काकू.

"कामावर आहे!" काका गरजले.

तारा जुळवायचं काम माझं. मी रंग बघून जुळवल्या. पिवळीला पिवळी, लालला लाल. यात चुकण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं. किल्ली फिरवली. लाल दिवे लागले, बातम्या सुरू झाल्या, तीन स्पीकर वाजले. मागचा डावा मुका.

"तीन वाजतायत ना काका," मी भीतभीत म्हटलं. "चारपैकी तीन म्हणजे..."

"पंचाहत्तर टक्के. तुमच्या कॉलेजात पास. इथे नापास."

पुढचे दोन रविवार मागच्या डाव्यात गेले. दार उघडलं, स्पीकर काढला, घरात नेऊन बॅटरीला लावून पाहिला. तो चांगला होता. म्हणजे तार. ती गाडीच्या अंगातून दारात जाते तिथे रबराची नळी असते; सोळा वर्षं दार उघडमिट करून तार त्या नळीतच तुटलेली. काका सत्तरीच्या गुडघ्यांवर जमिनीवर बसून, चष्म्यावर चष्मा लावून, ती तार इंच इंच चाचपत होते. मी म्हटलं, "काका, नवी तार वरून टाकली तर? दिसेल थोडी, पण..."

"तिच्या पायात येईल," ते म्हणाले. एवढंच. मग त्यांनी नळीतून नवी तार ओवायला घेतली. त्याला तीन तास लागले. सोल्डरिंग मी केलं.  काकांनी काम माझ्या हातातून काढून घेतलं नाही. फक्त टॉर्चचा उजेड स्थिर धरून राहिले. जोड झाल्यावर त्यांनी तो ओढून पाहिला. टिकला.

त्या संध्याकाळी गावाकडून बाबांचा फोन आला. "काय करून राह्यली वं?" मी म्हटलं, गाडीचा टेप बसवते. बाबा पलीकडे आईला म्हणाले, "आयकलं का? पोरगी मोटारगाडी दुरुस्त करून राह्यली!" मी त्यांना दुरुस्त केलं नाही.

मागचा डावा वाजला. काकांनी आवाज सगळा तिकडे वळवला, कॉलरला माइकची चिमटी लावली, मला मागे बसवलं आणि पुटपुटले, "एक, दोन, तीन." माझ्या डाव्या कानाशी स्वच्छ ऐकू आलं. मी अंगठा दाखवला. तरीही मला वाटत होतं, हे आपलं तपासणीचं वेड, गाणी पुढे येतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता काका काकूंना दाखवायला गाडीत जाऊन बसले. काकू फाटकाशी, हात पदराखाली. किल्ली फिरली, माइक लागला आणि सगळ्या गाडीने अशी शिट्टी मारली की समोरच्या झाडावरचे कावळे उठले, दोन कुत्री रडायला लागली आणि वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ ब्रश तोंडात धरून गॅलरीत आले. टेप रात्रीत सगळं विसरला होता. चारही स्पीकर पुन्हा जागे झाले होते आणि काकांच्या कॉलरच्या माइकमधला आवाज पुढच्या स्पीकरातून परत माइकमध्ये जात होता.

"हे असलं ऐकायला मी बसू?" काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

काका तसेच स्टिअरिंगवर हात ठेवून बसले.  कपलरबरोबरचा कागद मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचला. या गाडीच्या सॉकेटमध्ये पिवळी आणि लाल यांच्या जागा उलट्या होत्या. जिच्यातून टेपला कायम वीज मिळायला हवी, ती किल्ली काढली की बंद होत होती. म्हणून तो रोज विसरणार होता. चूक कुणाला दिसली नसती. मी म्हणू शकले असते की टेपच खराब आहे.

"काका, माझी चूक आहे. मी रंग बघून जोडल्या. कागद वाचला नाही."

त्यांनी चष्मा वर सरकवला. "पुरावा?"

मी कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला, गाडीतून उतरले, घरात गेले आणि उलथणं घेऊन आले.

"चला," ते म्हणाले. "कॉलेज किती वाजता?"

दोन तारांची अदलाबदल झाली. मग पाच दिवस काका रोज सकाळी किल्ली फिरवून टेपला काय आठवतंय ते बघत होते आणि वहीत लिहीत होते. पाचही दिवस त्याला आठवलं. सहाव्या दिवशी, रविवारी, ते काकूंसमोर उभे राहिले. म्हणजे समोर नाही, वळसा घालून डाव्या बाजूला. तिथून मात्र सवयीने ओरडलेच, "एकदा बस! नाही पटलं तर सिग्नलला उतर!"

काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ही येणार असेल तर."

मी पुढे बसले, वही मांडीवर. संगमवाडीचा पूल गेला तरी काका गप्प. रस्त्यावर नजर, दोन्ही हात स्टिअरिंगवर. गाणंही नाही. मागे काकू खिडकीतून बाहेर बघत होत्या, तोंडावर तेच पार्सल झाल्याचे भाव. मला वाटलं, गाणी लावायची राहिली की काय. मी हात पुढे केला. काकांनी मान हलवून नको म्हटलं, घसा साफ केला आणि कॉलरकडे हनुवटी झुकवून, मला शेजारी जेमतेम ऐकू येईल इतक्या हलक्या आवाजात म्हणाले,

"सुमन, ऐकू येतंय?"

 मी वळून पाहिलं. काकूंनी डाव्या हाताचा तळवा दारावर, स्पीकरच्या जाळीवर ठेवला होता.

"येतंय," त्या म्हणाल्या.

"गोटी सापडली. टेपच्या मागे. निखिलची, निळी. गाडीतच पडली म्हणत होता, तू त्याला त्या दिवशी उगाच मारलंस."

निखिल त्यांचा मुलगा. आता परदेशात असतो, तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होता. काकू इतक्या हसल्या की त्यांनी पदर तोंडाला लावला. मग काका बोलत राहिले. कुठलं दुकान बंद पडलं, कुठला पूल पाडला, ("कापायला अक्कल लागत नाही, तशीच पाडायलाही") कुठल्या वळणावर पूर्वी त्यांची स्कूटर घसरली होती. मान एकदाही वळली नाही. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं त्या दारातल्या छोट्याशा जाळीतून मागे जात होतं. खडकवासल्यापर्यंत ते संपलं नाही.

काका कणीस आणायला उतरले तेव्हा काकू मला म्हणाल्या, "कान गेल्यापासून हे माझ्याशी हळू असं काही बोललेच नाहीत गं. ओरडून काय काय बोलता येतं? लिंबू, गॅस, औषध. एवढंच."

काका परत आले. त्यांच्या हातात तीन कणसं होती.

घरी आल्यावर त्यांनी खिशातून चिठ्ठ्यांची पट्टी काढली. मला वाटलं, आता टेपला. पण ती चिठ्ठी त्यांनी माझ्या सोल्डरिंगच्या पेटीवर लावली. तपासले, तारीख, सही. मी विचारलं, "आणि टेपला, काका?"

"त्याला इतक्यात नाही," ते फाटक लावत म्हणाले. "त्याची तपासणी चालू राहील. दर रविवारी."