धोंड्याच्या दिवशी गेलेला दिवा

सारंगने होल्डरच्या दोन वायरी सरळ भिंतीतल्या बोर्डात घातल्या आणि बटण दाबलं. कोठीची खोली लख्ख उजळली. लोणच्याच्या बरण्या, गव्हाच्या कोठ्या, वरच्या फळीवरचा धुळकट पाळणा, सगळं एका क्षणात दिसलं. मग टप् असा बारीक आवाज झाला आणि पुन्हा काही दिसेना.

दाराच्या फटीतून तो उजेड ओसरीपर्यंत पोचला होता.

"लागला बघ दिवा," बाहेर सासऱ्यांचा, व्यंकटरावांचा आवाज आला. ते सासूबाईंना सांगत होते. "हेमा, मी म्हणलो नव्हतो? जावईबापूंचा हात लागला की काम झालंच. दैवशालाला फोन लाव. म्हणावं, पहिली गाडी धर अन् ये."

आत सारंग काळ्या पडलेल्या दिव्याकडे बघत होता.

अधिक महिना होता. लग्नानंतरचा पहिलाच धोंड्याचा महिना, म्हणून जावयाला पाथरीला जेवायला बोलावलं होतं. आदल्या संध्याकाळी गप्पांच्या ओघात व्यंकटरावांनी ट्रंकेतून एक जुना प्रोजेक्टर काढून दाखवला. त्यांचे मामा हैदराबादेत एका स्टुडिओत कामाला होते. त्यांनी कधीकाळी या घरच्या एका कार्यक्रमाचं चित्रण केलं होतं आणि पुढे मशीनही इथेच देऊन टाकलं होतं. व्यंकटरावांचे वडील, म्हणजे आण्णा, हलताना-बोलताना दिसतात असं जगात ते एकच रीळ. मशीन बिघडलं ते बिघडलंच. व्यंकटरावांची धाकटी बहीण दैवशाला, तिने तर ते रीळ कधी बघितलंच नव्हतं.

"त्यात काय एवढं," सारंग म्हणाला होता. "उद्या चालू करून देतो."

पुण्यात तो मोबाइलची ॲप्स बनवायचा. पण नव्या जावयाला सासुरवाडीत सगळं यावं लागतं.

सकाळपासून त्याचं नशीबही चांगलं होतं. तुटलेल्या पट्ट्याच्या जागी सासूबाईंच्या शिलाई मशीनचा पट्टा बसला. दातेरी चाकांना तेल दिल्यावर ती फिरू लागली. आता फक्त दिवा राहिला होता, आणि तो तेवढा एकदा तपासून बघावा असं त्याला वाटलं होतं.

त्याने काच रुमालाने पुसली. काचेवर लिहिलं होतं, ११० व्होल्ट. भिंतीतल्या बोर्डात त्याच्या दुप्पट होते. मग त्याचं लक्ष दाराकडे गेलं. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्यानेच सकाळी ट्रंकेतला एक जड लोखंडी डबा तिथे लावून ठेवला होता. तो डबा ट्रान्सफॉर्मर होता.

बायकोला, ईश्वरीला, त्याने आत बोलावलं आणि दिवा दाखवला.

"गेला?"

"गेला."

"दुसरा?"

"असले दिवे आता कोणी बनवत नाही. नेटवर बघितलं. परदेशातून यायला महिना लागेल."

"आत्या पूर्ण्याहून निघाली," ईश्वरी म्हणाली. "फोनवर रडायली होती. बाबांना काही सांगू नको. त्यांनी गल्लीतल्या चार घरांना निरोप दिलाय."

पेट्रोल भरून येतो असं सांगून सारंग गाडी घेऊन बाजारात गेला. बसस्टँडसमोर मुंजाजीचं इलेक्ट्रिकचं दुकान होतं. मुंजाजीने दिवा हातात घेतला, हलवून कानाशी धरला.

"हे हैद्राबादी दिसायलंय," तो म्हणाला. "हे न्हाई मिळायचं. त्यापरीस हा एलईडी घ्या. नऊ वॅट. दोन वर्षाची गॅरंटी हाय."

"याने भिंतीवर चित्र दिसेल का?"

"चित्राचं काय माहीत न्हाई. भिंत दिसंल."

परत येताना सारंगला आपल्याच गाडीच्या हेडलाइटची आठवण झाली. बल्ब बारा व्होल्टचा, लहान आणि तेजस्वी. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवून त्याने एक डोळा काढून घेतला. बारा व्होल्ट मिळवायला घरात जिन्याखाली इन्व्हर्टरची बॅटरी होतीच. सासरे धोतर बदलायला गेले तेवढ्यात दोघांनी ती उचलून कोठीत आणली, टेबलाखाली ठेवली आणि वरून चादर सोडली.

प्रोजेक्टरच्या मोटारीला ट्रान्सफॉर्मर जोडला, बल्ब बॅटरीला. पण जुन्या होल्डरमध्ये नवा बल्ब बसेना. नुसता आत सोडला तर भिंतीवर बल्बमधल्या तारेचं वेटोळं तेवढं दिसे. तो नेमक्या उंचीवर, जराही न हलता उभा राहायला हवा होता. कागदाची घडी लावली, ती करपली. पुठ्ठा लावला, त्यातून धूर निघाला.

"कणीक आणू का?" ईश्वरीने विचारलं.

धोंड्यासाठी घट्ट मळलेल्या कणकेचा गोळा आला. सारंगने त्यात बल्ब रोवला, इकडे-तिकडे दाबला, आणि भिंतीवर एकसारखा उजेडाचा चौकोन उमटला. बल्बच्या उष्णतेने कणीक भाजून कडक झाली. आता तो हलणं शक्य नव्हतं.

"पोळी कोण भाजायलंय गं?" बाहेरून सासूबाईंनी विचारलं.

दुपारी आत्या आली. साठी ओलांडलेली, किरकोळ बाई. पाणीसुद्धा न घेता ती कोठीत येऊन सतरंजीवर बसली. मागोमाग शेजारपाजारचे आले. खिडक्यांना चादरी लावल्या, दार ओढून घेतलं. त्या उकाड्यात सारंगने रीळ चढवायला घेतलं आणि लाइट गेली.

पंखा थांबला.

"घाबरू नका, इन्व्हर्टर हाय आपलं," व्यंकटराव म्हणाले. सगळे वर पंख्याकडे बघत बसले. पंखा हलला नाही. "परवाच तर बॅटरीत पाणी टाकलो. जरा बघून येतो."

"बाबा, बसा तुम्ही," ईश्वरी घाईने म्हणाली. "लाइट येईलच आता."

"अगं, बॅटरी तर बघू दे."

सारंग दाराकडे वळला. त्याचा कोपर रिळाला लागला. रीळ खाली पडलं आणि आण्णांची फिल्म अंधारात लोकांच्या पायांतून गरगरत गेली.

"कोणी हलू नका," सारंग म्हणाला. त्याच्या आवाजात असं काही होतं की व्यंकटरावसुद्धा जागच्या जागी बसले. गुडघ्यांवर रांगत, चाचपडत त्याने ती पट्टी हातात घेतली आणि रिळावर गुंडाळली. घाम डोळ्यांत जात होता. आत्या अधूनमधून म्हणत होती, "सावकाश, जावईबापू. आण्णा हायत त्याच्यात."

लाइट आली. सारंगने फिल्म अडकवली, मोटार सुरू केली आणि तार जोडली.

भिंतीवर अंगण आलं. कनाती, पंगत, पळणारी पोरं. पंगतीत मधोमध पांढऱ्या सदऱ्यातले आण्णा. ते कोणाकडे तरी बघून हसले, वरणभाताचा घास उचलला आणि डाव्या हाताने तोंडात घातला.

"दादा," आत्या हळू आवाजात म्हणाली. "आण्णा डाव्या हातानं जेवायलेत."

व्यंकटराव पुढे सरकून नीट बघू लागले.

"मी डावखुरी म्हणून मला किती मारायचे. जेवताना माझा हात खांबाला बांधायचे. अन् स्वतः असे?" तिचे डोळे भिंतीवरून हलत नव्हते. आण्णांनी आणखी एक घास डाव्या हाताने घेतला. आत्या हसायला लागली. आधी तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून. "म्हणजे मी आण्णांवर गेले की."

सारंगचं लक्ष आण्णांच्या सदऱ्याकडे गेलं. खिसा उजव्या बाजूला होता. मागच्या कनातीवरची मंडपवाल्याची अक्षरं उलटी होती. अंधारात गुंडाळताना पट्टी पलटली होती, आणि दोन्ही काठांना भोकं असल्यामुळे मशीनने ती तशीच ओढून घेतली होती. भिंतीवरचं सगळंच डाव्याचं उजवं झालं होतं.

फिल्म संपली. लोक बोलू लागले. व्यंकटराव उठून टेबलाजवळ आले.

"खिसा उजव्या अंगाला होता," ते पुटपुटले. "फिल्म उलटी लावलीत तुमी."

"हो. माझ्याकडून चूक झाली. दोन मिनिटं द्या, सुलटी लावून परत दाखवतो."

"कशी दाखवता? दिवा गेलाय."

"नाही नाही, चांगला आहे दिवा. हा बघा."

"गेलाय म्हणलो न्हवं," अजून हसणाऱ्या आत्याकडे बघत व्यंकटराव म्हणाले आणि चादरीखाली गेलेली तार धरून त्यांनी ती बॅटरीपासून ओढून काढली. मग वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दिवा गेला. असला आता मिळणं कठीण, म्हणायलेत जावईबापू. काय हो?"

सगळे सारंगकडे बघू लागले. सकाळपासून जे वाक्य त्याने जिवाच्या आकांताने गिळून धरलं होतं, ते त्याला आता म्हणावं लागलं.

"गेला," तो म्हणाला. "माझ्याकडूनच गेला."

"जाऊ द्या," आत्या म्हणाली. "बघायचं ते बघितलं मी. हेमा, वाढ बाई आता. लय भूक लागली."

ओसरीवर ताटं मांडली होती. आत्या भावाच्या समोरच्या पाटावर बसली. धोंड्याचा तुपात बुडवलेला तुकडा तिने डाव्या हाताने उचलला आणि न सांडता तोंडात घातला.