सदूतात्यांच्या नऊ साड्या

आमच्या शेजारच्या सदूतात्यांच्या ट्रंकेत बायकांच्या नऊ कोऱ्या साड्या आहेत, आणि घरात बाई एकही नाही. बायको वारून सोळा-सतरा वर्षं झाली. साड्या मात्र अलीकडच्या. एकीचीही घडी मोडलेली नाही, आणि प्रत्येक साडी दुकानातल्या किमतीच्या तिप्पट-चौपट पैसे मोजून घेतलेली.

यावरून कुणाला वाटेल, माणूस उधळ्या असणार. तात्या कोथिंबिरीची पेंडी घेताना काड्या मोजतात. एकदा चपलेचा अंगठा तुटला. गावात दोन रुपये सांगितले म्हणून इस्लामपूरला जाऊन दीड रुपयात बसवून आले. मी म्हटलं, "तात्या, एसटीचं तिकीट कुणी काढलं?" तर म्हणाले, "इस्लामपूरला तर जायाचंच हुतं." कशाला जायचं होतं, ते आजतागायत सांगितलेलं नाही.

"दर काय?" हे त्यांचं रामराम. कुणी नवी सायकल आणली, दर काय. कुणाच्या दारात मांडव पडला, दर काय. माझे मालक गेले तेव्हा लाकडांची गाडी दारात आली. सगळे माना खाली घालून उभे, आणि तात्या गाडीवानाला म्हणाले, "दर काय लावला गड्या?" शंभर रुपये कमी करून घेतले. लोकांना ते आवडलं नाही. मला राग आला नाही. मालक असते तर त्यांनीही हेच केलं असतं.

तात्यांनी चाळीस वर्षं सांगलीच्या हळद बाजारात एका अडत्याकडं नोकरी केली. काम एकच. पोत्यातलं हळकुंड काढायचं, मोडायचं, आतला रंग बघायचा, वास घ्यायचा आणि दर सांगायचा. मग सौदा निघायचा, व्यापारी आकडे चढवायचे, पण माल सुटायचा तो तात्यांनी सांगितलेल्या दराच्या आसपासच. हळकुंड कुठल्या गावचं, कुठल्या पाण्यावरचं, शिजवताना कुणी आळस केला, सगळं सांगायचे. लोक कुंडली दाखवतात तसे शेतकरी त्यांना हळकुंडं दाखवायला यायचे.

तिथलाच एक नियम त्यांनी घरी आणला. बाजारात एकदा आकडा बोलला की माघार नसते. "तोंडातनं दर गेला की गेला," हे वाक्य मी त्यांच्याकडून हजार वेळा ऐकलं असेल. बाजारात ते बरोबर असेल. घरात त्याचं काय झालं, ते आता सांगते.

तात्यांना एकच लेक, शालन. आई गेली तेव्हा दहा वर्षांची होती. तात्यांनीच तिची वेणी घातली, तिच्या भाकरी थापल्या. ती वीस वर्षांची झाली आणि विट्याकडच्या एका पोराबरोबर लग्न करून मोकळी झाली. पोरगा सोनं गाळायच्या कामाला परमुलखात होता. चांगला होता, पण जात दुसरी. तात्या रस्त्यात उभे राहून, चार माणसांच्या देखत म्हणाले, "माझ्या दारात पुन्हा पाय ठिवायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "तात्या, पोरगी हाय. बोललासा ते बोललासा, आता गिळा."

"वैनी, तोंडातनं दर गेला की गेला."

शालन त्यांचीच लेक. तिनंही शब्द धरला. दारात पाय ठेवला नाही.

पण आमच्या गावदेवीची ओटी भरायचा तिच्या आईचा नेम होता, तो तिनं सोडला नाही. सोनं गाळणारे हे गलाईवाले नवरात्रात गावाकडं येतात. शालन विट्याला सासरी यायची आणि अष्टमीला अकराच्या एसटीनं आमच्या गावात उतरायची. देवीला साडी-नारळ द्यायची, मला भेटायची आणि परतीच्या एसटीनं जायची. देवळापासून तात्यांचं घर ओरडलं तर ऐकू जाईल एवढ्यावर. त्या दिवशी तात्या ओट्यावरची खुर्ची फिरवायचे आणि रस्त्याकडं पाठ करून बसायचे. एसटी गेली की पुन्हा सरळ करायचे.

आता लिलावाचं. देवीला आलेल्या साड्यांचा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी देवळासमोर लिलाव होतो. गुरवाचा दिनकर पुकारतो. मी चौथी पास, आकडे नीट काढते, म्हणून साड्यांना नंबरच्या चिठ्ठ्या टाचायचं काम माझ्याकडं.

या लिलावात शहाणी माणसं वेडी होतात. समोरच बाळगोंडा अण्णाचं कापड दुकान. तीच साडी तिथं नव्वदला टांगलेली असते, आणि इकडं लोक दोनशेला भांडत असतात. पुण्य म्हणून देतो म्हणतात. पुण्यच हवं असेल तर देवळात पेटी आहे, तिच्यात टाकावं. तिथं कुणी दोनशे टाकलेले मी पाहिले नाहीत.

तात्यांना याचं कारण पाठ होतं. शालन जायच्या आधी ते लांब उभं राहून हसायचे. म्हणायचे, "वैनी, लिलावात माणूस मालाकडं बघतच न्हाई. शेजाऱ्याच्या तोंडाकडं बघतो. शेजारी शंभर म्हणला की ह्येला वाटतं, आपल्याला कळलं न्हाई असं कायतरी त्येला कळलंय. आन एकदा सोताच्या तोंडातनं आकडा गेला की साडी मनानं घरी पोचती. मग जो चढवील त्यो चोर."

एवढं कळणारा माणूस. शालन गेली त्या वर्षीच्या लिलावात तो मागं दीपमाळेपाशी येऊन उभा राहिला. दिनकरनं एकेक साडी वर धरायला सुरुवात केली. तात्या माझ्याकडं बघतात, साडीकडं बघतात. नाव तर घ्यायचं नव्हतं, तेच त्यांनी बंद केलेलं. शालनची साडी वर आली तेव्हा मला काही सुचलं नाही, मी खोकले. तात्यांचा हात वर गेला.

बाळगोंडाला गंमत वाटली. त्यानं चढवलं. तात्यांनी चढवलं. नव्वदची साडी तात्यांनी अडीचशेला सोडवली आणि बगलेत मारून निघून गेले. कोथिंबिरीच्या काड्या मोजणारा माणूस. लोक आ वासून बघत राहिले, आणि मग सगळ्यांना समजलं.

तेव्हापासून हा नेमच झाला. मी खोकायचं आणि तात्यांनी हात वर करायचा. एका वर्षी मला खरंच खोकला झाला. तात्यांनी पाठोपाठ तीन परक्या साड्या सोडवल्या, मग मी तोंडात पदर कोंबला. शालनच्या सहा आणि खोकल्याच्या तीन, अशा त्या ट्रंकेतल्या नऊ.

दुसऱ्या वर्षी मी शालनला सांगितलं होतं, "तुझी साडी तुझा बाप घेतो." तिनं पिशवीतून हळकुंड काढलं, साडीच्या पदराला गाठ मारून त्यात बांधलं. मग दर वर्षी बांधायची. तात्या घरी जाऊन गाठ सोडायचे, हळकुंड मोडायचे. एकदा मला म्हणाले, "ही इकडची हळद न्हवं. पार दक्षिणंची, सेलमकडची हाय." पोरगी कुठं राहते, हे बापाला हळकुंडावरून कळलं. एका वर्षी गाठीत दोन निघाली, एक मोठं आणि एक करंगळीएवढं. तात्या ते धाकटं तळहातावर घेऊन माझ्याकडं आले. मी सांगितलं, "व्हय. पोरगा हाय. कडंवर हुता." त्यांनी ते हळकुंड मोडलं नाही. देव्हाऱ्यात ठेवलं.

तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, "साडीला येवढं पैसं कशापायी घालता?"

"साडीला कोण घालतंय," ते म्हणाले. "गाठीला घालतोय. गाठ दुकानात मिळत न्हाई."

गावानंही यावरून पंचांग बांधलं. तात्यांनी साडी सोडवली, म्हणजे शालन येऊन गेली.

यंदा अष्टमीला शालन आली नाही. अकराची एसटी आली आणि गेली. नवमीला आली आणि गेली. तात्या दोन्ही दिवस पाठ फिरवून बसले होते. दसऱ्यालाही खुर्ची तशीच. मला तो माणूस बघवेना, आणि मला बहुतेक सगळं बघवतं.

लिलावाच्या दिवशी सकाळी मी चिठ्ठ्या टाचत बसले आणि विचार केला. खोकले नाही तर हा शेवटची साडी संपेपर्यंत दीपमाळेपाशी उभा राहणार, आणि सगळं गाव त्याच्याकडं बघणार. घरी गेले. दिवाळीला नेसायला घेतलेली माझी पोपटी काठाची साडी काढली. फडताळातलं एक हळकुंड घेतलं, पदराला गाठ मारली आणि साडी गठ्ठ्यात सरकवली. नंबर एकोणीस. देवीशी खोटं बोलले म्हणायचं तर म्हणा. साडी तर तिलाच दिली.

दिनकरनं एकोणीस नंबर वर धरला. मी खोकले.

तात्यांचा हात लगेच वर गेला नाही. साडीकडं बघत राहिले. मला वाटलं, ऐकू आलं नसेल, म्हणून पुन्हा खोकले. "पन्नास," तात्या म्हणाले.

तेव्हा मला आठवलं की ही साडी मला बाळगोंडानंच विकली आहे. त्यानं साडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. तोंड उघडलं. मी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं ते मिटलं. मग मान खाली घालून म्हणाला, "शंभर."

"दीडशे."

"दोनशे."

नेहमीसारखं चाललं. बाळगोंडा चारशेवर थांबला. दिनकरनं एक वार, दोन वार म्हटलं आणि चारशे दहाला साडी तात्यांना सुटली. पाठीमागं बायका कुजबुजल्या, "शालन आलती म्हणायची. कवा आली, दिसली न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी ताक घेऊन मी तात्यांकडं गेले. साडी मांडीवर, गाठ सोडलेली, हळकुंडाचे दोन तुकडे पुढ्यात.

"बसा वैनी," म्हणाले. "साडी तुमची हाय."

"कुणी सांगितलं?"

"शिमग्याला अर्धा किलो हळद दिलती तुमास्नी. त्यातलंच ह्ये. आन साडी तुमी ऐंशीला घेतली. बाळगोंडानं पंच्याऐंशी सांगितलं हुतं. म्या दुकानाच्या पायरीवर हुतो."

"मग घरी आल्यावर कळलं म्हणा."

"दिनकरनं वर धरली तवाच कळलं."

"आन तरी चारशे धा?"

तात्यांनी हळकुंडाचे तुकडे जुळवून बघितले. मोडलेलं पुन्हा कुठं जुळतंय. "म्या हात वर केला नसता, तर समद्यास्नी कळलं असतं," ते म्हणाले. "बापाला सोडलं ते सोडलं, आता देवीलाबी इसरली म्हणाले असते. पोरीला कशापायी बोल?"

मी ताकाचा तांब्या त्यांच्यापुढं सरकवला.

"का आली नसंल, वैनी?"

"मला काय ठावं."

"आजारी असंल?"

"असंल. नसंलबी. पत्ता हाय माझ्याकडं."

तात्यांनी मान वर केली. "कवापासनं?"

"तीन वर्सं झाली. चहाच्या डब्यात हाय."

"आन सांगितलं न्हाई?"

"तुमी इचारला न्हाई. जगातल्या समद्या गोष्टीचा दर इचारता, येवढं एक इचारलं न्हाई."

तात्यांनी पदरावरची गाठीची चुरगळ हातानं सपाट केली. मग म्हणाले, "बोललेला दर मागं घेता येतो का वो?"

"तुमीच सांगा. चाळीस वर्सं बाजारात हुता."

"बाजारात न्हाई येत."

"हे घर हाय तात्या."

मी घरी जाऊन पोस्टाचं कार्ड आणि पत्ता आणला. तात्यांना आकडे येतात, अक्षरं येत नाहीत. ते सांगू लागले आणि मी लिहू लागले. यंदा हळदीला दर बरा आहे. विहिरीला पाणी आहे. शेजारच्या वैनी बऱ्या आहेत. निम्मं कार्ड भरलं तेव्हा मी पेन खाली ठेवलं.

"तिला काय हळद इकायची हाय?"

मग त्यांनी सांगितलं. एवढंच, की मी दारात पाय ठेवू नको म्हणालो होतो, ते मागं घेतलं. धाकट्याला आण. मी जसंच्या तसं लिहिलं. त्यात माझं काही घातलं नाही.

निघताना त्यांनी साडी माझ्या हातात दिली. "दिवाळीला घितलीया न्हवं. नेसा."

मी नेसले. चारशे दहाची साडी अंगाला ऐंशीचीच लागते.

कार्डाला उत्तर अजून आलेलं नाही. दिवाळी होऊन गेली. नवरात्र नाही, काही नाही, अकराच्या एसटीनं कुणी यायचं कारण नाही. तरी रोज साडेदहाला तात्या ओट्यावर येतात आणि खुर्ची मांडून बसतात. आता तिचं तोंड रस्त्याकडं असतं.