आक्कांची माघार

घणसोलीतल्या आमच्या आक्का माणसांना नावानं ओळखत नाहीत, चपात्यांवरून ओळखतात. मी म्हणजे 'आठ, बिनतेलाच्या'. आमच्या सोसायटीचे चेअरमन मीटिंगमध्ये कुणाला तोंड उघडू देत नाहीत, पण आक्कांच्या लेखी ते 'तीन मऊ'. हे कळल्यापासून मला त्यांची भीती वाटेनाशी झाली.

आक्का मूळच्या साताऱ्याकडच्या. नवरा मार्केटमध्ये माथाडी होता, तो बऱ्याच वर्षांपूर्वी गेला. मूलबाळ नाही. जुनं गावठाण संपतं आणि आमचे टॉवर सुरू होतात, तिथं त्यांचं पोळी-भाजी केंद्र आहे. केंद्र कसलं, एक खोली आणि रस्त्याकडे उघडणारी खिडकी. पैसे आत, चपात्या बाहेर.

चपात्यांच्या आकड्यावरून घरातलं सगळं कळतं, असा आक्कांचा दावा. वाढल्या की पाहुणे, घटल्या की भांडण. "मला नगं सांगू, मी पीठ मळती," हे त्यांचं पालुपद. मध्यंतरी आम्ही नवरा-बायकोनं डाएट सुरू केलं आणि मी आठाच्या दोन चपात्या केल्या. भर रांगेत आक्का खिडकीतून ओरडल्या, "गेला का गं सोडून?"

नवरा माझ्या मागेच पिशवी घेऊन उभा. म्हणाला, "आक्का, मी आहे की इथं."

आक्कांनी त्याला खालीवर न्याहाळलं आणि माझ्यावरच घसरल्या, "मग खाऊ घाल की त्येला! काय दशा केलीय बघ लेकराची!" ते लेकरू पंचेचाळिशीचं आहे. पण डाएट त्याच संध्याकाळी संपलं.

तर अशा या आक्का नगरसेविका व्हायला निघाल्या. आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला आणि पक्षाच्या तिकिटासाठी तिघी पुढे आल्या. पहिली शेठाणी, म्हणजे रेती-सिमेंटवाल्या शेठची बायको. तिकिटाच्या मुलाखतीत तिला तिचं नाव विचारलं तरी उत्तर शेठच द्यायचा. दुसरी वैशाली, शाळेत शिकवणारी, गावठाणातल्या पाण्यासाठी महापालिकेत खेटे घालून चपला झिजवलेली पोर. आणि तिसऱ्या आमच्या आक्का. कुणाला नाराज करायचं, या चिंतेत पक्षानं डोकं लढवलं आणि ठरवलं की वॉर्डातल्या सभासदांनी रविवारी हॉलमध्ये चिठ्ठीनं मत द्यायचं. जिला जास्त मतं, तिला तिकीट.

"तुला इंग्रजी येतंय, तू माझी प्रचारप्रमुख," असं म्हणून आक्कांनी मला परस्पर नेमून टाकलं. मी पत्रकं छापू म्हटलं, तर त्यांनी हात उडवला. "पत्रकं रद्दीत जात्यात." त्यांनी लग्नाच्या आमंत्रणाला करतात तशा कुंकवाच्या अक्षता केल्या आणि दुपारी चूल बंद करून घरोघर निघाल्या. प्रत्येकाच्या तळहातावर चार दाणे ठेवायच्या आणि म्हणायच्या, "रविवारी यायचं बरं का." साताऱ्याकडच्या माणसानं अक्षता हातात घेतल्या की विषय संपला. तो शब्दच झाला.

पण सगळी माणसं साताऱ्याची नव्हती. मत पडायला चार-पाच दिवस उरले असताना आम्ही चाचपणी केली. शेठाणी पुढे, वैशाली तिच्या पाठोपाठ, आणि आक्का पार मागे. आक्कांची मतं वैशालीकडे वळली तर शेठाणी पडणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. ज्याला त्याला आक्कांना तेच सांगायची घाई. शेवटी मीही धीर केला. "आक्का, आता थांबू या का?"

"का? मागं हाय म्हनून?" आक्का लाटणं थांबवून म्हणाल्या. "रांगंत मागं हाय त्येला मी चपाती देत न्हाय व्हय?"

मी आपल्या आठ घेतल्या आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीसमोर हा भलामोठा बॅनर! हात जोडलेल्या आक्का, मागे उगवता सूर्य आणि वर 'रणरागिणी आक्का, आता माघार नाही!' मला वाटलं त्यांनी केला, त्यांना वाटलं मी केला. आक्कांनी शिडीवरच्या माणसाला हटकलं, "कुनी दिला रं?"

"शेठनं," तो निरागसपणे म्हणाला.

आक्का आधी पोट धरून हसल्या. मग हसता हसता पिठाच्या गोणीवर बसल्या. "मी उभी ऱ्हावी म्हनून शेठ माझा फोटू लावतोय," त्या सावकाश म्हणाल्या. "म्हंजे मी उभी ऱ्हायले तर काम त्येचं हुतंय. बास. आता बसायचं."

मागे पडलेल्यानं माघार कधी घ्यावी, यावर टीव्हीवर विद्वान तासनतास भांडतात. आक्कांनी ते गोणीवर बसून मिटवलं. बॅनर उतरवला, "प्लास्टिक दणकट हाय" म्हणून गळक्या पत्र्यावर पालथा घातला आणि पदर खोचला.

मी मोबाइल काढला. "ग्रुपवर टाकते, मिनिटात सगळ्यांना कळेल."

"ठेव त्यो फोन!" आक्का कडाडल्या. "अक्षता द्यायला पायानं गेले, आन् शब्द सोडवायला फोनवरनं? लगीन मोडलं तरी पोरीचा बाप सोता दारात जातोय."

आणि दोन दिवस त्या पुन्हा त्याच सगळ्या घरांत गेल्या. गावठाणातल्या भाड्याच्या खोल्या, टॉवरचे मजले, थेट शेजारच्या तळवलीपर्यंत. प्रत्येक दारात एकच वाक्य. "तुमाला शब्दातनं मोकळं केलं. आता वैशालीला द्या, पोर कामाची हाय." एक म्हातारा माथाडी चिडला, "आक्का, तुमी उभ्या हाय म्हनून गावाकडं सांगितलं हुतं मी! नाक कापलंत आमचं." आक्का खाली मान घालून ऐकून घेत राहिल्या. गावठाणातल्या एका आजीनं तर विचारलं, "तू हाय म्हनून मी येनार होते. आता कशाला येऊ?" आक्कांनी तिचे हात धरले. "मला सोबत म्हनून या." माघार घेतलेली बाई इतकी ताठ चालते हे मी कधी पाहिलं नव्हतं. मी प्रचारप्रमुख म्हणून मागून चालत होते आणि सांगते, माझा ऊर अभिमानानं भरून आला होता.

शनिवारी शेवटच्या इमारतीतून उतरताना आक्का जिन्यात मटकन बसल्या. मला वाटलं, चक्कर आली.

"तिकिटाचं वाईट वाटतंय ना?" मी विचारलं.

"तिकीट गेलं खड्ड्यात." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "इतकी वर्सं मी निस्ते हात बघितले गं. खिडकीतनं आत येनारे. कुनाचं घर आतनं कसं हाय, मला ठावं नव्हतं. आत या, असं मला कोन कशाला म्हनंल? पन ह्या दिसांत समद्यांनी आत बोलावलं. खुर्ची दिली. च्या दिला. एकीनं तर फ्रीज उघडून दावला." त्या हसल्या, पण डोळे भरले होते. "शेठाणी पडली पायजे, त्ये बरुबर हाय. पन उद्यापास्नं मी कुनाच्या दारात जाऊ? कशाचं निमित्त सांगू?"

म्हणजे त्या दोन दिवसांत आक्का एकेक दार आपल्या हातानं बंद करत आल्या होत्या, आणि तरी एकही घर त्यांनी टाळलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसून राहिले.

रविवारी वैशालीला तिकीट मिळालं आणि चांगल्या मतांनी मिळालं. ढोल वाजले, गुलाल उडाला. ती आक्कांच्या पाया पडायला खिडकीशी वाकली, तर आक्का म्हणाल्या, "कपाळ आपटंल, सरळ हो." सोमवारी सगळं पूर्ववत झालं. खिडकी, रांग, "आठ, बिनतेलाच्या!"

पुढच्या रविवारी दुपारी आमची बेल वाजली. दार उघडलं, तर आक्का. नवं लुगडं, केस चापून बसवलेले आणि दोन्ही हात मोकळे. ते कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

"काय काम काढलंत आक्का?"

"काम काय न्हाय," त्या उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता. "असंच आले. चालंल न्हवं?"

"आक्का, आधी आत या!" मी त्यांचा हात धरून त्यांना आत ओढलं. नवऱ्यानं लगबगीनं पंखा लावला. आक्का सोफ्याच्या कडेवर टेकल्या, घर डोळे भरून पाहिलं आणि हळूच मागे रेलल्या. मी चहाचं आधण ठेवायला स्वयंपाकघरात गेले, तशी मागून हाक आली.

"अर्धाच कप ठेव गं! अजून चार घरं करायचीत."