मुंग्या न लागणारे डांबर

दुसऱ्याला ज्ञान द्यायचे तर आधी ते आपल्याजवळ असावे लागते, हे सरकारला १९५९ साली एकाएकी उमगले. रस्ते डांबरी होणार होते. ते करायला इंजिनियर हवे, इंजिनियरांना शिकवायला निदेशक हवेत, म्हणून त्या निदेशकांनाच शिकवण्याचा वर्ग पनवेलच्या एका भाताच्या गोदामात निघाला. (गोदामात भात होताच. तो एका बाजूला सारला.)

वर्गात फळा होता, खडू होता, खडी होती, झारी होती आणि वर्गप्रमुख धर्मराजसाहेब होते. फक्त डांबर नव्हते. नियमाप्रमाणे डांबराचे पिंप प्रशिक्षित माणसाच्याच ताब्यात द्यायचे होते आणि वर्गात प्रशिक्षित असे कोणीच नव्हते. असते तर वर्ग कशाला काढला असता? साहेबांनी ही अडचण एका दुपारी निकालात काढली. वहाबशेठच्या दुकानातून त्यांनी काकवी मागवली. काळपट, दाट, चिकट, शिवाय कपड्यांवर सांडली तर धुता येते. म्हणजे डांबराहून सरसच म्हणायची.

बेलपाड्याचा कमळाकर जीव तोडून शिकला. हंगामी नोकरीने तो विटला होता आणि या वर्गात पास झाला तर कायम होणार होता. खडीवर सारखी धार सोडावी तर त्यानेच. पुढे गोदामात मुंग्या आल्या, तरी साहेब डगमगले नाहीत. त्यांनी अभ्यासक्रमात कलम घातले: उत्तम डांबरास तासाभरात मुंग्या लागतात.

एका रविवारी कोन गावच्या वाटेवर कमळाकरला ठेकेदाराची माणसे खरे डांबर तापवताना दिसली. काय तो धूर, काय ती धग! तो रस्त्याकडेला उकिडवा बसला आणि सांडलेल्या थेंबांकडे दुपार होईतो बघत राहिला. एक मुंगी फिरकली नाही.

घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "आमी शिकतो, ता डांबरच नाय."

"तुमी कायम होताव ना?" सत्यवती भाकरी थापता थापता म्हणाली. "मंग डांबर खरा हाय का गोड हाय, त्याशी आपल्याला काय?"

परीक्षेला मुंबईहून आलेल्या साहेबांनी नेमके तेच विचारले. "ज्याला मुंग्या लागत नाहीत, ते डांबर कसले समजावे?"

कोनचा तो धूर कमळाकरच्या नाकात पुन्हा शिरल्यासारखा झाला. धर्मराजसाहेब त्याच्याकडे टक लावून बघत होते.

"भेसळीचे, साहेब," तो म्हणाला.

तो कायम झाला. त्याला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली, आणि ती पहिल्या पगारापर्यंत पुरली. पुढे त्याने पुष्कळ इंजिनियर घडवले.

समारोपाला गोदामासमोर नमुन्याचा रस्ता घातला आणि अभिप्राय द्यायला गावातली प्रतिष्ठित मंडळी बोलावली. रांगेने येऊन एकेकाने वाकून रस्त्याला बोट लावले, चाटले आणि मान डोलावली. रस्ता उत्तम असल्याचे एकमताने ठरले. (संध्याकाळी मुंग्यांनीही दुजोरा दिला.)

घरासमोरच्या खड्ड्यात पाय मुरगळला की आपण विचारतो, असल्या लोकांना पास तरी कोण करतो? त्या दिवशीच्या रांगेत आपले आजोबा होते. ते दोनदा उभे राहिले.