गडावर गेलेली सात घड्याळं

"तीन महिन्यांत आपल्या ऑफिसातल्या प्रत्येकाचं पोट आत गेलेलं दिसेल," असा शब्द प्रविणने मालकांना दिला, तेव्हा त्याचं स्वतःचं पोट टेबलाच्या कडेवर विसावलेलं होतं.

प्रविण तलासरीजवळच्या खोक्यांच्या कारखान्यात प्रभारी प्रशासन अधिकारी होता. डहाणूच्या वाड्यांतले चिकू ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून दिल्लीला जातात, ती खोकी इथे बनायची. कारखाना मोठा, ऑफिस छोटं, माणसं सात. सहा वर्षं झाली, तरी त्याच्या नावामागचा 'प्रभारी' काही जाईना. प्रभारी म्हणजे काम अधिकाऱ्याचं आणि मान कारकुनाचा, हे ज्याच्यावर गुदरलंय त्यालाच कळतं. बोर्डीला सासुरवाडीत तर मेहुणा प्रत्येक लग्नकार्यात विचारायचा, "काय दाजी, अजून प्रभारीच का?" आणि प्रविणच्या ताटातली बुंदी कडू व्हायची.

अशात २०१८ साल उजाडलं आणि मालकांची सून निधीबेन वापीच्या मुख्य ऑफिसात बसायला लागली. तिने कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचा एक कोर्स केला होता. पहिल्याच मीटिंगमध्ये ती म्हणाली, "प्रविणभाई, तुमचा स्टाफ दिवसभर बसून असतो. बसणं फार वाईट. मी सगळ्यांना पावलं मोजायचं घड्याळ देते. रोज दहा हजार पावलं. तलासरीत स्कीम चालली ना, तर पप्पाजींनी सांगितलंय, तुमचं ते 'प्रभारी' काढून टाकू."

प्रविणने त्याच संध्याकाळी मेहुण्याला फोन केला. काम व्हायच्या आधी सांगून टाकायची त्याची जुनी खोड.

सात घड्याळं आली. रबरी पट्ट्याची, काळी. दिवसाची पावलं मोजायची, किती मजले चढलात ते सांगायची, रात्री किती झोपलात तेही टिपायची, आणि सगळा हिशेब मोबाईलमधून थेट वापीला पोचवायची. पहिल्या दिवशी मालाच्या गाड्या लावणारा मनिष कंपाउंडला तीन फेऱ्या मारून आला आणि फळीवर आडवा झाला. हिशेब बघणारी निलम जेवणानंतर शेडपर्यंत गेली, पण परत यायला तिने मालाच्या टेम्पोला हात केला. प्रविणने स्वतः बाराशे चाळीस पावलं टाकली. त्यातली निम्मी वडापावच्या गाडीकडे जाण्यायेण्याची होती.

आठवड्याने निधीबेनचा फोन आला. "प्रविणभाई, तलासरी सर्वांत खाली आहे. वॉचमनचा कुत्रा तुमच्यापेक्षा जास्त चालत असेल."

त्या दिवशी प्रविण काळजीत बसला होता. 'प्रभारी' हा शब्द आता थेट निवृत्तीपर्यंत सोबत येणार, असं त्याला वाटू लागलं. तेवढ्यात जिवलीबाई झाडू घेऊन आली.

जिवलीबाई ऑफिसची झाडलोट करायची, पाणी भरायची, चहा करायची. वेवजीच्या पाड्यावरून पायी यायची, पायी जायची. घरी गेली की विहिरीवरून पाणी, रानातून लाकडं, मग पहाटे चारला उठून पुन्हा तेच. बाई चाळिशीची, हाडं लोखंडाची. तिला आरोग्याची योजना लागू नव्हती, कारण ती स्टाफमध्ये मोडत नव्हती.

प्रविणने तिच्या पायांकडे बघितलं आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"जिवलीबाई, एक काम कराल? संध्याकाळी जाताना हे घड्याळ हातात घालून जायचं, सकाळी मला परत द्यायचं. बस. पण कोणाला सांगायचं नाही."

"नाय सांगणार साहेब," जिवलीबाई म्हणाली. तिने एकदा शब्द दिला की दिला.

दुसऱ्या दिवशी प्रविणची पावलं चौदा हजार झाली. वापीच्या अख्ख्या यादीत त्याचं नाव पहिलं. प्रविणने चहाबरोबर दोन बटर जास्त खाल्ले.

आश्चर्य म्हणजे बाकीचेही सुधारले. मनिष तेरा हजार नऊशे. निलम चौदा हजार दोनशे. पंधरा दिवसांत सगळं ऑफिस चौदा हजारांच्या आसपास. प्रविणला वाटलं, आपलं बघून यांना चेव आला. पुढाऱ्यानं चालून दाखवलं की लोक मागून येतात, असं तो निधीबेनला फोनवर म्हणालासुद्धा. आपण चालून दाखवलेलं नाही, हे त्या भरात त्याच्या लक्षात राहिलं नाही.

निधीबेन तर हरखून गेली. "बहु सरस! आणि झोप बघा सगळ्यांची. सातही जण साडेआठला झोपतात, चारला उठतात. अगदी ऋषिमुनी." तिने तलासरीचा दाखला देऊन वापीच्या ऑफिसातली चारची भजी बंद केली. तेव्हापासून वापीचे लोक फोनवर तलासरीशी बोलताना दात-ओठ खाऊ लागले.

घरी मात्र वेगळाच पेच. झाईच्या घरात प्रविणची बायको निर्मला एकदा त्याचा मोबाईल बघत बसली होती. "काय हो, तुम्ही पहाटे चारला उठून दोन हजार पावलं चाललात म्हणे?"

"हो ना. सवय लागली आता."

"मग सातपर्यंत माझ्या शेजारी घोरत होतं ते कोण?"

प्रविणने मोबाईल काढून घेतला आणि यंत्रांवर किती विश्वास ठेवायचा यावर दहा मिनिटं बोलला.

चैत्र आला. डहाणूजवळ महालक्ष्मीची जत्रा भरली. सोमवारी संध्याकाळी प्रविणने नेहमीसारखं घड्याळ जिवलीबाईच्या पिशवीत सरकवलं आणि तो झाईला गेला. मंगळवारी सकाळी येऊन बघतो तर झाडू कोपऱ्यात तसाच. जिवलीबाईचा पत्ता नाही. मस्टरवर तिच्या नावापुढे त्यानेच गेल्या आठवड्यात लिहून ठेवलं होतं: मंगळवार, रजा, जत्रा.

प्रविणचा हात आपोआप मनगटाकडे गेला. मनगट मोकळं. त्याने प्रथमोपचाराच्या पेटीतलं बँडेज काढून मनगटाला गुंडाळलं आणि कोणी विचारलं तर मुरगळलंय म्हणून सांगायचं ठरवलं. कोणी विचारलंच नाही. मनिष भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, बटणं लावून बसला होता. निलमने ओढणी हातावर गुंडाळून एका हाताने कॉम्प्युटर चालवला. बाकीचे चौघे दिवसभर हात टेबलाखाली ठेवून होते. ऑफिसात एवढी शांतता कधी नव्हती. प्रत्येकजण दुसऱ्याच्या नजरेला नजर देणं टाळत होता आणि पोळतोय तो फक्त आपलाच हात, असं प्रत्येकाला वाटत होतं.

बुधवारी जिवलीबाई आली. प्रविणच्या हातावर तिने घड्याळ ठेवलं आणि खोबऱ्याचा तुकडा. "साहेब, गडावर चढले. तुमच्या घड्याळाला देवीचं दर्शन घडवलं."

प्रविणने डोळे मिटून खोबरं खाल्लं. मोबाईलने वापीला काय कळवलं, ते बघायचं त्याला सुचलं नाही.

गुरुवारी अकरा वाजता पांढरी गाडी कंपाउंडात शिरली. निधीबेन उतरली. हातात एक लांबट पाकीट होतं. पाकिटावरचं स्वतःचं नाव प्रविणने दोनदा वाचलं. त्या नावामागे 'प्रभारी' नव्हतं.

तिने पाकीट प्रविणच्या टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांना उभं केलं. "अभिनंदन. पण आधी मला एक सांगा. मंगळवारी सकाळी दहा ते बारा तुम्ही सातही जण सत्तर मजले चढलात. हे ऑफिस तळमजल्यावर आहे."

सातही जणांनी हात पाठीमागे नेले.

"असा चढ या भागात कुठे आहे ते मी ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, महालक्ष्मीचा गड. म्हणजे सगळं ऑफिस वर्किंग डेला गडावर होतं. आणि वापीला आलेल्या हजेरीत सातही जण हजर."

प्रविणपुढे दोन वाटा होत्या. घड्याळ आपल्या हातात नव्हतं म्हणावं तर योजना खोटी पडते. घड्याळ हातात होतं म्हणावं तर हजेरी खोटी. त्याने पाकिटाकडे बघितलं. देवीचं काम होतं म्हटलं की कोणी फार बोलत नाही, असा विचार करून त्याने दुसरी वाट धरली. "मॅडम, खरं म्हणजे... सगळा स्टाफ दर्शनाला गेला होता. आरोग्याचं आरोग्य, भक्तीची भक्ती."

"मी कुठे गेलो होतो?" मनिष दचकून म्हणाला. "मी तर दिवसभर गाड्या लावत होतो. चलनांवर सह्या आहेत माझ्या."

"मग तुमचं घड्याळ सत्तर मजले कसं चढलं, मनिषभाई?"

एवढ्यात जिवलीबाई चहा घेऊन आत आली. दर्शनाची गोष्ट तिच्या कानावर पडली होती.

"साहेब, तुम्ही बी आलते जत्रेला?" ती कौतुकाने म्हणाली. "मना तर कोण नाय दिसलं."

निधीबेनने तिच्याकडे वळून बघितलं. "तू गेली होतीस गडावर?"

"हां. रजा मांडून गेलते."

"या लोकांचं घड्याळ तुझ्याकडे होतं का?"

जिवलीबाईने ट्रे घट्ट धरला. मान ताठ. "मना सांगायचं नाय. सातही जणांनी सांगितलंय, कोणाला सांगू नको."

सातही जणांनी एकमेकांकडे बघितलं. महिन्याभरात पहिल्यांदा त्यांनी एकमेकांची मनगटं नीट पाहिली असावीत.

निधीबेनचा चेहरा मात्र कडक झाला. "बाई, पैसे घेऊन करत होतीस हे? कंपनीची वस्तू अशी घरी न्यायची? मी पप्पाजींना सांगते, अशी माणसं..."

नोकरी गेली तर काय, हे जिवलीबाईच्या चेहऱ्यावर सरळ दिसलं. प्रविणला तोंडातलं खोबरं आता कडू लागलं असतं, पण ते कालच गिळून झालं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली, खरीखुरी.

"मॅडम, तिने एक पैसा घेतला नाही," तो म्हणाला. "तिला काही बोलू नका. पहिलं घड्याळ मीच दिलं. मीच सांगितलं, कोणाला सांगू नको. बाकीच्यांनी तेच केलं, एवढंच. तिने फक्त शब्द पाळला."

असं म्हणून त्याने पाकीट टेबलावरून निधीबेनकडे हळूच सरकवलं. सरकवताना बोटं जरा चिकटली, पण सरकवलं.

निधीबेनने मस्टर मागवलं, मंगळवारचं पान काढलं. "म्हणजे स्कीमप्रमाणे बघितलं तर मंगळवारी सात जणांचं काम एका बाईने केलं. आणि रजा तिचीच लागली." तिने पेन काढलं. "हे दुरुस्त करायचं. जिवलीबेन हजर. बाकी सात जणांचा खाडा."

"मॅडम, आम्ही खरंच इथे होतो," निलम रडवेल्या आवाजात म्हणाली.

"घड्याळ म्हणतं, गडावर होतात. तुमचे साहेबही म्हणतात, दर्शनाला गेलो होतो." निधीबेनने पाकीट पुन्हा प्रविणपुढे ठेवलं. "मस्टरमधल्या दुरुस्तीला अधिकाऱ्याची सही लागते, प्रभारीची चालत नाही. आज एक तरी खरं बोललात, म्हणून हे पत्र परत नेत नाही. घ्या, झालात अधिकारी. करा सही."

संध्याकाळी प्रविण झाईला पोचला तेव्हा निर्मलाने पत्र वाचलं, देवापुढे ठेवलं आणि साखर हातावर दिली. बोर्डीला फोनही करून झाला.

"मग अधिकारी म्हणून पहिलं काम काय केलंत?" तिने विचारलं.

"सात खाडे मांडले. पहिला एका साहेबाचा."

"पहिल्याच दिवशी? कोण हो तो बिचारा?"

प्रविणने तिच्याकडे पाणी मागितलं. मग ते आणायला आपणच उठला.